पंचवीस बारगीर, एक पखालजी

२००२ साली राळेगावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, चार कॉम्प्युटरचं एक दुकान होतं. दिवसा तिथे अर्ज टाइप व्हायचे, दहावी-बारावीचे निकाल निघायचे. संध्याकाळी गर्दी ओसरली की आम्ही पोट्टे बसायचो. तासाचे पंधरा रुपये. नागपूरला सीताबर्डीच्या फूटपाथवरून कुणीतरी आणलेल्या सीडीवर ‘डायब्लो २’ होता. लाइट जाईपर्यंत खेळायचं आणि लाइट गेली की उरलेल्या वेळेच्या पैशांवरून मालकाशी वाद घालायचा, असा रोजचा कार्यक्रम.

मी नेहमी बार्बेरियन घ्यायचो. जादू नाही, धनुष्य नाही. अंगावर जायचं आणि हाणायचं. इंग्रजीत अशा लढाईला ‘मेली’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : हातघाई. हातघाईचा गडी कसा घडवायचा, याचं त्या खेळात एक शास्त्र होतं. बार्बेरियनची सुरुवात ठरलेली असे : स्ट्रेंग्थ ३०, डेक्स्टेरिटी २०, व्हायटॅलिटी २५, एनर्जी १०. दर पायरीला पाच गुण मिळत आणि ते या चार रकान्यांत वाटायचे. पायऱ्या ९९. म्हणजे पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत गेलात तर वाटायला ४९० गुण, शिवाय कामगिऱ्यांचं बक्षीस म्हणून थोडे.

नवखा माणूस सगळे गुण ताकदीत घालतो. मीही घातले होते. पुढच्या कठीण टप्प्यात माझा तो बलदंड गडी दोन फटक्यांत आडवा व्हायला लागला. मग कळलं की ताकद फक्त हवं ते चिलखत आणि हवं ते हत्यार पेलण्यापुरतीच ठेवायची. डेक्स्टेरिटी ढालीने वार अडवण्यापुरती. बाकी सगळं व्हायटॅलिटीत, कारण तिथल्या एका गुणाला बार्बेरियनचं आयुष्य चारने वाढतं. एनर्जीत शून्य. कौशल्याचे गुणही चार ठिकाणी उधळायचे नाहीत. तिसाव्या पायरीला ‘व्हर्लविंड’ नावाचा भोवऱ्यासारखा फिरणारा वार मिळतो, त्याच्यासाठी राखून ठेवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं : एकदा वाटलेला गुण परत घेता येत नसे. ती सोय २०१० मध्ये आली. तोवर चुकलेला गडी टाकून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची, एवढाच उपाय होता.

एका संध्याकाळी मला जेवायला बोलवायला माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्या दुकानात आले. तरुणपणी ते पैलवान होते. दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली. ते माझ्या खुर्चीमागे थोडा वेळ उभे राहिले.

“हे पैलवान हाय का?”

“हो.”

“मेहनत किती करते?”

“मेहनत नाही करत. राक्षस मारले की ताकद वाढते.”

“अन् याले खुराक कोन देते?”

पोट्टे हसले. मी म्हणालो, “लाल बाटल्या पितो तो.” मोठे बाबा काही बोलले नाहीत. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधताना मला आधी खेळांचा इतिहास वाचावा लागला, मग आपला, आणि शेवटी आपल्याच घरातला.

ताकद अठरा, माणसं बारा

आज कॉम्प्युटरवर जे जे योद्धे घडवले जातात, त्यांचं मूळ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात आहे. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ टेबलावर शिशाच्या बाहुल्या मांडून मध्ययुगीन लढायांचे खेळ खेळायचा. १९७१ मध्ये त्याने आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हे नियमांचं पुस्तक काढलं. मागे काल्पनिक युद्धासाठी एक पुरवणी होती. तीत ‘हिरो’ आला. त्याची व्याख्या साधी होती : हिरो म्हणजे चार सैनिकांइतका लढणारा माणूस. ‘सुपरहिरो’ म्हणजे आठांइतका. वीरपुरुष मोजायचं माप अजून सैन्यच होतं.

शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह अर्नेसन हे नियम घेऊन पुढे गेला. माणूस एका फटक्यात मरू नये, म्हणून त्याने प्रत्येकाला सोसण्याचे आकडे दिले. चिलखत किती जाड आणि किती तडाखे सोसेल, हे मोजण्याची रीत आपण युद्धनौकांच्या खेळातून उचलली, असं त्यानेच पुढे सांगितलं. म्हणजे आज प्रत्येक खेळात योद्ध्याच्या डोक्यावर जी तांबडी पट्टी दिसते, तिची आजी एक लोखंडी जहाज आहे.

१९७४ मध्ये दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्यात पात्रांचे तीन वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. तीन फासे सहा वेळा टाकून सहा गुण ठरवायचे. ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि सहावा कॅरिस्मा. या शब्दाला मराठीत वजन, छाप, माणसं जोडण्याची हातोटी असं काहीबाही म्हणता येईल. एका गुणात जास्तीत जास्त १८.

मी हे नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा एका जागी थांबलो. मला वाटलं होतं, ताकद १८ असलेला लढवय्या तलवारीने दुप्पट इजा करत असेल. तसं नव्हतं. १९७४ च्या मूळ नियमांत ताकदीमुळे वार जोरात बसत नाही. जास्त ताकदीच्या लढवय्याला अनुभवाचे गुण दहा टक्के जास्त मिळतात, म्हणजे तो थोडा लवकर शिकतो, इतकंच. कॅरिस्मा १८ असेल तर मात्र पदरी बारा माणसं ठेवता येतात. ३ असेल तर एक. आणि नवव्या पायरीला लढवय्याला ‘लॉर्ड’ हा किताब मिळे. तो गढी बांधून भोवतालचा मुलूख सांभाळू शके. लढायांच्या खेळातून आलेल्या या लोकांना माहीत होतं की लढवय्याचं मोठेपण त्याच्यामागे किती माणसं आहेत यावर ठरतं.

पुढच्याच वर्षी, १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत ताकद वाराला जोडली गेली. ताकद १८ असलेल्या लढवय्याने शंभरापर्यंतचे फासे पुन्हा टाकायचे. सर्वोच्च आकडा आला तर प्रत्येक वाराला सहा जास्त इजा. खेळणाऱ्यांना हे फार आवडलं, आणि का आवडू नये? बारा माणसांना पगार द्यावा लागतो, ती पळून जातात, त्यांची भांडणं होतात. सहा जास्त इजा कधी पगार मागत नाही.

मग खेळ कॉम्प्युटरवर गेला. १९८१ च्या ‘विझर्ड्री’त सहा गुण होते, पण कॅरिस्मा गेला आणि त्या रांगेत नशीब आलं. तरी तिथे सहा जणांची टोळी होती. १९९८ च्या ‘बॉल्डर्स गेट’मध्ये कॅरिस्मा होता, पण टोळीच्या म्होरक्याचाच काय तो कामी येई, म्हणून खेळणारे लढवय्याच्या वाट्याचा कॅरिस्मा खुशाल काढून ताकदीत टाकायचे. १९९६ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या ‘डायब्लो’त चारच रकाने उरले : ताकद, जादू, चपळाई, जीवट. माणसांचा रकानाच नाही. गावात एक लोहार, एक वैद्य, एक जादूगारीण. त्यांच्याकडून विकत घ्यायचं आणि एकट्याने खाली तळघरात उतरायचं.

याचं कारण मला तरी साधं वाटतं. एका वाराचं गणित यंत्राला झटकन जमतं. पदरच्या बारा माणसांचं गणित टेबलाभोवती बसलेल्या माणसांनाच करता येतं. यंत्राला जे मोजता आलं ते राहिलं, बाकीचं गळालं. आणि वीस-बावीस वर्षांत एका पिढीला वाटायला लागलं की योद्धा म्हणजे चार आकडे असलेलं एक एकटं शरीर. राळेगावच्या त्या दुकानातल्या मलाही तसंच वाटत होतं.

आपल्याकडचा हिशोब

आपल्याकडे लढवय्या घडवण्याचं शास्त्र फार जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, इ. स. ११३० च्या सुमारास, मल्लविनोदाचं एक प्रकरण आहे. त्यात मल्लांची वय, देह आणि बळ पाहून वर्गवारी केली आहे. त्यांच्या व्यायामाचे प्रकार आहेत. त्यातल्या खांबावरच्या व्यायामात अभ्यासकांना मलखांबाचा पूर्वज दिसतो. पायऱ्या, गुण, कौशल्यं, सगळं आहे. पण त्याच प्रकरणात मल्लांच्या आहाराचाही विचार आहे, आणि तो ग्रंथ राजासाठी लिहिलेला आहे. मल्ल घडवायचा तर त्याला कुणीतरी पोसायचं, हे तिथे गृहीतच आहे.

सैन्याकडे पाहिलं तर हे आणखी उघड दिसतं. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार होते. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं तो शिलेदार. ज्याला ते सरकारातून मिळे तो बारगीर. खेळाच्या भाषेत बोलायचं तर दोघांची सुरुवातीची सामग्रीच निराळी, आणि त्यावरून त्यांचं राज्याशी नातं निराळं. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. तीत या सैन्याची उतरंड दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा जुमला, दहा जुमल्यांचा हजारी. आणि त्याच ओघात सभासद आणखी दोघांची नोंद करतो : दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद.

पखालजी म्हणजे कातड्याच्या पखालीतून पाणी वाहणारा. नालबंद म्हणजे घोड्याला नाल ठोकणारा. हातघाईत यांचं काही काम नाही. यांच्यावर पोवाडा नाही. पण पाणी नसेल आणि घोडा लंगडत असेल तर पंचवीस तलवारींचा उपयोग काय? हे ज्याने ओळखलं त्याने सैन्याच्या कागदावर या दोघांसाठी जागा ठेवली. मोठ्या बाबांचा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी विचारला होता आणि त्याचं उत्तरही नेमून दिलं होतं.

हे उत्तर विसरलं की काय होतं, ते आमच्याच भागाने पाहिलं आहे. दुसरा बाजीराव व्यायामाचा भोक्ता होता. त्याच्याच पदरच्या बाळंभट्टदादा देवधरांनी मलखांबाला पुन्हा उभं केलं. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या दांडग्या पैलवानांचं आव्हान घ्यायला कुणी धजेना, तेव्हा कोवळ्या वयाचे बाळंभट्ट वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन तप करून आले आणि त्यांनी अलीला लोळवलं, अशी आख्यायिका आजही प्रत्येक आखाड्यात सांगतात. म्हणजे त्या दरबारात अंगबळाची वाण नव्हती. पण १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांपुढे पळता पळता हाच बाजीराव वर्धा नदीच्या या टापूत आला आणि पांढरकवड्याच्या बाजूला कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने त्याच्या सैन्याची दाणादाण उडवली. राळेगावहून पांढरकवडा काही लांब नाही. महिनोन्‌महिने पळणाऱ्या फौजेतली माणसं वाटेवाटेने गळत गेली होती. जूनच्या सुरुवातीला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला.

पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणं गुन्हा झाला. पट्टा, लाठी, बोथाटी आखाड्यापुरत्या उरल्या. लढवय्या घडवण्याची जागा आता तालीम झाली आणि पोसणारे हात बदलत गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं. ते १९१२ मध्ये तयार झालं. आमच्या वऱ्हाडात राजा नव्हता. तिथे अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये एक आखाडा सुरू केला, त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्याच साली बडोद्याहून मुजुमदारांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चा पहिला खंड निघाला, १९४९ पर्यंत दहा खंड झाले. त्यात जोर, बैठका, मुद्गल, मलखांब, कुस्तीचे डाव, सगळं आकृत्यांसह आहे. आजच्या पोरांनी तो चाळला तर योद्धा घडवण्याची एवढी मोठी मार्गदर्शिका आपल्याकडे होती, याचं त्यांना नवल वाटेल.

आणि खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांची चपळाई आणि ढाकेवरची पकड यांबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. पण त्यांच्या आयुष्याबद्दल लिहिणारे आणखी एक गोष्ट न चुकता सांगतात : हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदकावर नाव एकाचंच कोरलेलं असतं. घर मात्र दुसऱ्याचं गहाण पडलं होतं.

घरातले गुण

आता मोठ्या बाबांबद्दल.

ते १९८० च्या आसपास कुस्ती खेळायचे. पहाटे चारला आखाडा, लाल माती उकरणं, जोर, बैठका, संध्याकाळी जोड. यात्रेतल्या दंगलींना जायचे. चांदीचं कडं दोनदा आणलं. धोबीपछाड हा त्यांचा हुकमी डाव. पोरांनी आग्रह केला की अजूनही ते उशी घेऊन दाखवतात.

घरी कोरडवाहू शेती, कपाशीची. तेव्हा कापसाची एकाधिकार खरेदी होती. चुकारे मिळाले की आजोबा आधी वाण्याची उधारी फेडायचे आणि मग बदाम आणायचे. गोठ्यात एक म्हैस. तिचं दूध पैलवानाचं. लोणी कढवून तूप निघायचं, तेही पैलवानाचं. एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला, आजोबांनी म्हैस विकली, आणि त्याच हिवाळ्यात मोठ्या बाबांची कुस्ती संपली. पाठ लागलेली नव्हती, हाड मोडलेलं नव्हतं. खुराक बंद झाला, इतकंच. पुढे ते हंगामात जिनिंगमध्ये गाठी उचलायला जायला लागले. ताकद होती ना.

ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. घरात ती मोठ्या बाबांवरच्या अन्यायाची गोष्ट म्हणून सांगितली जायची : नशीब असतं तर कुठल्या कुठे गेला असता. मीही हा लेख त्याच सुरात लिहायला घेतला होता. मग गेल्या दिवाळीत मी आत्याला त्या दिवसांबद्दल विचारलं. ती मोठ्या बाबांच्या पाठची. म्हशीचं शेण काढणं, वैरण आणणं, धार काढणं हे तिच्याकडे होतं.

ती म्हणाली, “तुया मोठ्या बाबाच्या दुधाचा आमी कधी हिशोब नाई केला. पण आमच्या घरी चाय काळा असे, थे ध्यानात हाय.”

तक्रारीचा सूर नव्हता. ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, की कडं आणलं त्या दिवशी आपणही गल्लीभर नाचलो होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांतली एक निवडता येत नाही.

एवढी वर्षं मी मोठ्या बाबांचा प्रश्न असा ऐकला होता की खेळात ज्याचा विचार नाही, त्या खुराकाबद्दल ते बोलत आहेत. आत्याचं ऐकल्यावर लक्षात आलं की आमच्या घरातही गुण मोजकेच होते. कुणीतरी बसून ते वाटले होते. सगळं दूध एका रकान्यात टाकलं होतं आणि ते टाकताना दुसऱ्या रकान्यात शून्य लिहिलं होतं. उत्तम गडी घडवायचा तर असंच वाटावं लागतं, हे मला खेळानेच शिकवलं आहे. खेळात ज्या रकान्यात शून्य टाकतो तो रकाना चुलीपुढे बसून काळा चहा पीत नाही, एवढाच फरक. आणि तिलाही तेव्हाचे ते गुण परत मिळालेले नाहीत.

सभासदाच्या त्या ओळीकडे मी आता या नजरेने पाहतो. पखालजी आणि नालबंद नेमले, म्हणजे त्यांचीही गणना झाली. त्यांचं काम राज्याच्या यादीत आलं. आमच्या घरातल्या धार काढणाऱ्या मुलीचं काम कुठल्याच यादीत नव्हतं. पदरच्या माणसांचा रकाना खेळातून १९९६ मध्ये गेला, असं मी वर लिहिलं. आपल्या कुस्तीच्या गोष्टींतून तो त्याच्या कितीतरी आधी गेला होता. आपण वस्तादाचं नाव घेतो, राजाचं घेतो. म्हशीला वैरण कुणी घातली, हे कुणी विचारत नाही.

त्याच दिवाळीत माझा भाचा लॅपटॉपवर तोच खेळ खेळत होता; २०२१ मध्ये तो नव्या चित्रांसह पुन्हा निघाला आहे. बार्बेरियनच घेतला होता. बरोबर पैसे देऊन ठेवलेला एक भालाईत होता. त्याला या खेळात चिलखत देता येतं, हत्यार देता येतं आणि जखमी झाला तर आपल्या जवळची लाल बाटलीही पाजता येते. भाच्याने ती पाजली. मोठे बाबा खुर्चीमागे उभे होते, वीस वर्षांपूर्वीसारखेच. म्हणाले, “हे बरं हाय. आपल्या मानसाले आधी पाजते.”

भाच्याने मला विचारलं, पाच गुण आले, कुठे टाकू?

मी त्याला खरं तेच सांगितलं. ताकद चिलखतापुरती, चपळाई ढालीपुरती, बाकी व्हायटॅलिटीत, एनर्जीत काही नको. खेळ तसाच बांधलेला आहे, त्याला तसंच खेळावं लागतं. मग त्याने डाव थांबवल्यावर, पखालजी म्हणजे कोण, हे सांगायला बसलो. आत्यालाही बाहेर बोलावलं.